पार्श्वभूमी : सुपरहिरो कार्टूनची कात्री नेमकी कोणाच्या हातात?

नाशिकच्या पालकांकडून गेली काही वर्षं एक तक्रार वरचेवर ऐकू येते. मुलगा सहावी-सातवीत. कार्टून बघतोय म्हणून घरात कुणी लक्ष दिलं नाही. कुणीतरी दुधाचा पेला द्यायला खोलीत गेलं, तर पडद्यावर एक मिशीवाला उडणारा माणूस दुसऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरून चिरडत होता. मालिका बहुतेक वेळा ॲपवरची, मोठ्यांसाठी काढलेली ‘इन्व्हिन्सिबल’ असते आणि त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो : सेन्सॉर बोर्ड झोपलंय का?

बोर्डाने ही मालिका पाहिलेलीच नाही, आणि प्रदर्शनाआधी ती पाहण्याचा अधिकारही त्याच्याकडे नाही. नव्वदच्या दशकात आपण केबलवर पाहिलेल्या कार्टूनमध्ये बंदुकीतून गोळीऐवजी रंगीत प्रकाश निघायचा, ती कात्रीसुद्धा बोर्डाची नव्हती. सुपरहिरोंच्या ॲनिमेशनवर आजवर जी कापाकापी झाली, ती जवळजवळ प्रत्येक वेळी विकणाऱ्यानेच केली. सरकार, न्यायालय, पालकांच्या संघटना मागून दबाव आणत राहिल्या, पण प्रत्यक्ष कापलं ते धंद्याने. आजची पालकांची अडचण समजायची तर हे आधी लक्षात घ्यायला हवं.

जुना इतिहास थोडक्यात. अमेरिकेत १९५४ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या, आणि सरकारी कायदा यायच्या आत प्रकाशकांनीच स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. शेवटी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे, रक्तपिपासू आणि चालती प्रेतं नकोत, शीर्षकात भयसूचक शब्द नकोत, असे तिचे नियम. ही संहिता २०११ पर्यंत कशीबशी तगली. दूरचित्रवाणीवर साठच्या दशकाच्या अखेरीस पालकांच्या चळवळीने शनिवार सकाळच्या कार्टूनमधली मारामारी लावून धरली. १९७३ मध्ये आलेल्या ‘सुपर फ्रेंड्स’मधले महाबली एकमेकांशी सल्लामसलत जास्त आणि हाणामारी कमी करतात, त्याचं कारण हेच.

आपल्याकडे याच सुमाराला दूरदर्शनही मोजक्या शहरांत होतं. तरी या विषयाशी नाशिकचं नातं जुनं आहे. फाळके स्मारकात शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येकाला ते अर्धं ठाऊक असतं. ज्या माणसाच्या नावाने ते उभं आहे, त्याने १९१५ च्या आसपास आगपेटीतल्या काड्या पडद्यावर हलवून दाखवल्या होत्या. भारतीय ॲनिमेशनची सुरुवात तिथपासून मोजतात. आणि चित्रपट तपासणीचा पहिला भारतीय कायदा १९१८ चा, म्हणजे त्याची चित्रपट कंपनी नाशकात आकार घेत होती त्याच काळातला. हा कायदा मात्र थिएटरपुरता होता आणि ती मर्यादा आजपर्यंत पिच्छा पुरवते आहे.

खरी कहाणी १९९२ पासूनची. त्या वर्षी ‘बॅटमॅन’ची ॲनिमेटेड मालिका अमेरिकेत एका वाहिनीच्या मुलांच्या वेळेत सुरू झाली. काळ्या कागदावर रंगवलेली पार्श्वचित्रं, जुन्या गुन्हेपटांसारख्या सावल्या आणि गुंडांच्या हातात खरीखुरी दिसणारी बंदूक. पण मर्यादा कडक होत्या. मालिकेच्या एका चित्रकाराने या बंद्या एकाच चित्रात कोंबून दाखवल्या : बंदूक रोखलेली, काच फुटलेली, गळा आवळलेला, दारू, धूर, अमली पदार्थ, उघडं अंग, धोक्यात सापडलेलं मूल, धर्मचिन्ह. यातलं काहीच जसंच्या तसं दाखवता येत नव्हतं. ही यादी ठरवणारं खातं सरकारी नव्हतं, वाहिनीचंच होतं. जाहिरातदार बिथरू नये ही त्याची पहिली जबाबदारी.

या बंधनातून काय निघालं त्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, त्याचे आईवडील सर्कशीत झोक्यावरून पडून मरतात, तो भाग. पडणं दाखवता येणार नाही. म्हणून दोघं झोका घेत चौकटीबाहेर जातात आणि परत येतो तो फक्त तुटलेला दोर. खाली बघणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर बाकीचं सगळं. या भागाला १९९३ चा एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला. नियमांमुळे कला सुधारली असं म्हणणारे हाच दाखला देतात. मला ते पटत नाही. श्रेय चित्रकारांचं आहे. त्याच नियमांखाली त्या दशकात ढिगाने पुचाट मालिकाही निघाल्या.

१९९४ ची ‘स्पायडरमॅन’ त्याचा पुरावा आहे. नायकाने कुणाच्या तोंडावर ठोसा मारायचा नाही. पोलिसांच्या हातातही खरी वाटेल अशी पिस्तुलं नकोत, लेझर चालतील. मारून टाकण्याची भाषा नको, ‘नष्ट करणं’ चालेल. एक पात्र मुळात रक्तपिपासू, पण मानेला चावणं वर्ज्य, म्हणून तो तळहातावरच्या छिद्रांनी ‘प्लाझ्मा’ शोषायचा. तळहाताने चिकटून एखाद्याचं सत्त्व ओढून घेणं हे चावण्यापेक्षा कमी भीतिदायक कसं, हे कुणी विचारलं नाही. १९९७ मध्ये अमेरिकी वाहिन्यांनी वयाच्या पाट्या लावायला सुरुवात केली, सात वर्षांवरच्यांसाठी ‘काल्पनिक हिंसा’ अशी वेगळी खूणही आली. पाटी लावणार मात्र वाहिनी स्वतःच.

हे सगळं नाशकात पोचलं ते केबलवाल्याच्या वायरीने. फक्त कार्टून दाखवणारी पहिली वाहिनी भारतात १९९५ मध्ये आली. सिडको, सातपूर, नाशिकरोड, जिथे जिथे गच्चीवरून काळी वायर आली होती तिथे शाळा सुटल्यावर दप्तर टाकून पोरं टीव्हीसमोर. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. आईवडिलांना भाषा धड कळत नव्हती, पण कार्टूनची वाहिनी आहे म्हटल्यावर निर्धास्त. हा निर्धास्तपणा तेव्हा रास्त होता. आपल्यापर्यंत येणारा माल तिकडे एकदा गाळून झालेला असायचा.

आता तो निर्णय, ज्यावर अजूनही वाद होतो. २००० च्या डिसेंबरात ‘बॅटमॅन बियॉन्ड : रिटर्न ऑफ द जोकर’ हा ॲनिमेटेड चित्रपट थेट कॅसेट-डीव्हीडीवर आला. तो आला त्याआधीच कापलेला होता. १९९९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला होता. २००० च्या सप्टेंबरात, ऐन निवडणुकीच्या हंगामात, हिंसक करमणूक मुलांना कशी विकली जाते यावर सरकारी अहवाल निघाला होता. निर्मात्या कंपनीने तयार चित्रपट परत घेतला आणि प्रसंग बदलून घेतले. सरकारने तसा आदेश काढलेला नव्हता.

वाद मुख्यतः एका प्रसंगाचा. बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर, त्याने लहान रॉबिनला पळवून, तीन आठवडे छळून, हसरं रंगवलेलं तोंड देऊन आपलं पोर बनवलं आहे. जखमी बॅटमॅन समोर पडलेला. जोकर पोराच्या हातात बंदूक देतो, त्यातून गोळीऐवजी झेंडा लावलेला भाला सुटतो. मूळ चित्रपटात पोरगं हसत, रडत ती बंदूक बॅटमॅनवर रोखतं आणि मग वळून जोकरलाच मारतं. मग गुडघ्यावर बसून ओक्साबोक्शी रडतं. बदललेल्या आवृत्तीत बंदूक सुटतच नाही. पोरगं जोकरला ढकलतं, तो पाण्यात घसरतो, विजेच्या तारांत अडकतो आणि चौकटीबाहेर मरतो.

बदललेली आवृत्ती सौम्य आहे असं वरवर पाहता वाटेल. पण कापलं काय आणि ठेवलं काय हे नीट पाहा. मुलाला पळवणं, छळणं, त्याचं मन मोडणं, हा गाभा तसाच राहिला, कारण तो काढला तर चित्रपटच उरत नाही. काढलं काय, तर मुलाने केलेली कृती आणि तिचं ओझं. मूळ कथेत तो पोरगा पुढे प्रौढ होऊनही त्या क्षणातून सुटत नाही, बॅटमॅन त्याला या कामापासून कायमचं दूर ठेवतो, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अपघाताने मेलेल्या जोकरसाठी आयुष्यभराचं अपराधीपण कुठून आणणार? पडद्यावर बंदूक दिसू नये या हट्टापायी बंदुकीने काय होतं, हे सांगणारा भागच गेला. बाजू दुसरीही आहे. शाळेतल्या गोळीबाराला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि पोराने बंदूक चालवण्याचं दृश्य ज्या घरांत जाणार होतं त्यातली काही घरं शोकात होती. हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण तसं असेल तर चित्रपटावर तेरा वर्षांची पाटी लावण्याचा मार्ग खुला होता. शेवटी तेच झालं. २००२ मध्ये मूळ आवृत्ती पालकांना सावधगिरीचा इशारा देणाऱ्या पीजी-१३ पाटीसह बाजारात आली आणि ती खपली.

कापण्यापेक्षा पाटी बरी, ही वाट तिथे रुळली. आपल्याकडे मात्र पाटी कोण लावणार याचाच घोळ होता. १९५२ च्या कायद्याखालचं बोर्ड चित्रपटांना प्रमाणपत्र देतं. मालिका त्याच्याकडे जात नाहीत. केबलसाठी १९९४ चे नियम आणि १९९५ चा कायदा. मुलांच्या कार्यक्रमात अर्वाच्य भाषा आणि हिंसेची उघड दृश्यं नकोत, मुलं सर्वाधिक बघतात त्या वेळी त्यांना अयोग्य काही नको, असं नियमांत आहे. पण प्रसारणाआधी तपासणारं कुणी नाही. तक्रार झाली तर नंतर कारवाई. म्हणून वाहिनी धास्तीने आधीच कापते. २००५ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवायला मनाई केली. त्यानंतर चित्र असं दिसू लागलं : एखाद्या महाबलीच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला प्रमाणपत्र लागतं, त्याच महाबलीच्या मालिकेच्या वीस भागांना लागत नाही. घरात बसलेल्या माणसाला दोन्ही कार्टूनच. सगळा राग मग बोर्डावर निघतो.

२००८ मध्ये तक्रारींनंतर ‘शिनचॅन’ बंद पडली आणि पुढच्या वर्षी बरीच कात्री लावून परतली, तेव्हाही हाच घोळ. २०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने स्वनियमन आणलं, मोठ्यांचे कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत ढकलले. २०१३ मध्ये सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले त्या शहरांत नाशिक होतं. वाहिनीला कुलूप घालायची सोय त्या डब्यात होती. माझ्या ओळखीतल्या एकाही घरात ती कधी वापरलेली मी पाहिली नाही.

मग वेळेची भिंतच गेली. २०१९ मध्ये ‘यंग जस्टिस’ ही महाबलींची मालिका वाहिनीवरून सशुल्क ॲपवर गेली आणि वयाने मोठी झाली. त्याच वर्षी ‘हार्ली क्विन’ शिव्या आणि रक्तासह आली. तिथेही धंद्याची कात्री सुटली नाही. २०२१ मध्ये तिच्या एका निर्मात्यानेच सांगितलं की बॅटमॅनच्या एका प्रणयप्रसंगाला कंपनीने नकार दिला, कारण नायक असं करत नाहीत आणि अशाने खेळणी विकणं अवघड होतं. हाडं मोडली तर हरकत नाही, प्रणय नको! एवढ्या एका नकारातून या सत्तर वर्षांचा हिशेब लागतो.

भारतात २५ फेब्रुवारी २०२१ ला डिजिटल माध्यमांचे नियम आले. त्यात वयाचे वर्ग असे : यू (सर्वांसाठी), यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए (फक्त प्रौढांसाठी). तेरापासून वर पालकांचं कुलूप देणं सक्तीचं, ‘ए’साठी वयाची पडताळणी. वर्ग ठरवायचा कंपनीनेच. साधारण महिन्याने, मार्चच्या अखेरीस, ‘इन्व्हिन्सिबल’ आली. तिच्या पहिल्या भागाची रचनाच अशी आहे की बहुतेक वेळ शाळा, घर, पहिलं उड्डाण, अगदी नव्वदच्या दशकातल्या कार्टूनसारखं चालतं. श्रेयनामावली सुरू होते, आणि तिच्या मध्येच ते हत्याकांड. पहिली दहा मिनिटं डोकावून गेलेल्या पालकाला यात काही वावगं सापडणार नाही. पाटी होती, ती इंग्रजीत, कोपऱ्यात, काही सेकंद.

२०२३ मध्ये चित्रपटांसाठीही ७, १३, १६ अशी विभागणी कायद्यात आली. २०२४ मध्ये ‘एक्स-मेन’ची जुनी मालिका ‘एक्स-मेन ’९७’ म्हणून चौदा वर्षांच्या पाटीसह परतली. जुन्या मालिकेत वुल्व्हरिन या नायकाचे पंजे बहुतेक यंत्रांवरच चालायचे, नव्या मालिकेत अख्ख्या वस्तीचा संहार आहे. दोन्ही एकाच ॲपवर शेजारी-शेजारी दिसतात. जुनी पाहून वाढलेला बाप मोठ्या प्रेमाने मुलाला नवी लावून देतो.

पाट्या आणि कुलपं ॲपच्या आत आहेत. ‘इन्व्हिन्सिबल’मधली तीस-चाळीस सेकंदांची कापलेली दृश्यं मात्र कुणीही चढवतं आणि ती आईच्या फोनवर, रेसिपीच्या व्हिडिओखाली, आपोआप सुरू होतात. ॲपवाल्या कंपनीला लागू असलेलं वयाचं वर्गीकरण अशा तुकड्यांना लागू नाही. नाशकातल्या ज्या घरांत मी चौकशी केली, त्यातल्या बहुतेक मुलांनी ती मालिका कधी लावलेलीच नव्हती. त्यांनी ते चिरडलेलं डोकं अशाच एका तुकड्यात पाहिलं होतं.