पुढचं चाक उचलायला लागतं तिथे

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना ‘बाइक जोरात की कार?’ हा प्रश्न कधी पडलाच नाही. रस्त्यावर असायची कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, ४० अश्वशक्ती, वजन नऊशे किलोंच्या आसपास. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी३५० च्या तंत्रावर राजदूत ३५० ही बाइक आणली. नाव राजदूत असलं तरी सगळे तिला आरडीच म्हणायचे. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, ताकद ३० अश्वशक्तीच्या घरात आणि वजन साधारण दीडशे किलो. चालवणाऱ्याचं वजन धरलं तरी किलोमागे पद्मिनीच्या तिप्पट ताकद. सिग्नल सुटला की आरडीचा निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास तेवढा मागे राहायचा. पद्मिनीवाला तोवर स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर दुसऱ्यात टाकत असायचा.

किलोमागे ताकद किती, या एका हिशोबावर बाइकने जवळपास साठ वर्षं कारला मागे ठेवलं. तो हिशोब आजही बाइकच्याच बाजूने आहे. तरीही आज सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत विजेवर चालणारी, दोन टनांहून जड चारदारी गाडी सुपरबाइकच्या पुढे जाते. हे कसं झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

१९४८ साली इंग्लंडमध्ये दोन गाड्या गाजल्या. एक जॅग्वार एक्सके१२० ही कार. तिच्या नावातला १२० हा ताशी मैलांचा आकडा, म्हणजे १९३ किमी. दुसरी व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो. ९९८ सीसीची ही बाइक ताशी २०० किमीपर्यंत जायची. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रोली फ्री नावाचा माणूस खास तयार केलेली व्हिन्सेंट घेऊन उतरला. ताशी १५० मैल गाठायचे होते आणि आकडा थोडक्यात हुकत होता. अंगावरचं चामडी जाकीट वाऱ्याने फाटलं, तेव्हा त्याने कपडेच उतरवले. पोहण्याची चड्डी, डोक्याला टोपी, पायात बूट, एवढ्यावर तो बाइकवर पालथा झोपला, पाय मागच्या चाकाच्याही पलीकडे सरळ सोडले आणि १५०.३१३ मैलांची नोंद केली. म्हणजे ताशी जवळजवळ २४२ किमी. तो फोटो आजही अंगावर काटा आणतो. हवेचा अडथळा हा बाइकचा केवढा मोठा शत्रू आहे, हे त्या एका फोटोत दिसतं. बाइक अरुंद असते, पण वर बसलेला माणूस हवेला सुबकपणे वाट देत नाही. त्यामुळे ताशी दोनशेच्या पुढे प्रत्येक जादा किलोमीटरसाठी इंजिनाला फार मोठी किंमत मोजावी लागते.

मग जपानचा काळ आला. १९६९ ची होंडा सीबी७५० चार सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक घेऊन आली. १९७२ मध्ये कावासाकीची झेड१ आली, ८२ अश्वशक्तीची. मग १९८४ मध्ये कावासाकीचीच जीपीझेड९००आर. ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडणारी ही बाजारात विकली जाणारी पहिली बाइक, आणि पाव मैल ती ११ सेकंदांच्या आत कापायची. त्या वेळच्या महागड्या इटालियन स्पोर्ट्स कारना तेवढ्याच अंतराला १३ सेकंदांच्या आसपास लागायचे. पाव मैलात दोन सेकंद म्हणजे कार आरशात बारीक दिसायला लागते. आणि किंमत तिच्या एका छोट्या हिश्शाएवढी! पगारदार माणसाला परवडेल अशा पैशांत फेरारीला मागे टाकता येतं, ही भावना याच काळात रुजली. ती तेव्हा शंभर टक्के खरी होती.

१९९९ मध्ये सुझुकीने हायाबुसा आणली. जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. १२९९ सीसी, १७५ अश्वशक्ती, वेग ताशी ३१० किमीच्या पुढे. युरोपात या वेगावरून इतकी ओरड झाली की बंदी येईल या भीतीने जपानी कंपन्यांनी आपसात एक अलिखित समजूत केली: ताशी २९९ किमीच्या वर जायचं नाही. गाड्यांच्या संगणकातच तशी वेसण घातली गेली. माझ्या मते इतिहासाला वळण इथे मिळालं. बाइकने स्वतःला थांबवलं आणि नेमक्या त्याच वर्षांत कार धावत सुटली. २००५ ची बुगाटी वेरॉन १००१ अश्वशक्तीची होती आणि ताशी ४०० किमीच्या वर गेली. पण खरी बातमी तिच्या टॉप स्पीडची नव्हती. ती चारही चाकांना ताकद देत होती आणि थांबलेल्या अवस्थेतून अडीच सेकंदांत शंभर गाठत होती.

आता पुढच्या चाकाकडे या. बाइकला जोरात रेस दिली की वजन मागे सरकतं. एका मर्यादेपलीकडे पुढचं चाक जमीन सोडतं. ही मर्यादा इंजिन ठरवत नाही. माणसासकट बाइकचा गुरुत्वमध्य किती उंच आणि दोन चाकांत अंतर किती, यावर ती ठरते. साध्या सुपरबाइकसाठी ती गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकी, म्हणजे एक जीच्या आसपास येते. एक जीने शंभर गाठायला २.८ सेकंद लागतात. छाती टाकीवर दाबून, क्लच केसभर सोडत, हँडल हलकं झालं की अंगठा आणि तर्जनीत रेस किंचित मागे घ्यायची, यात निष्णात माणूस एखाददुसरा दशांश वाचवतो. त्यापुढे नाही. म्हणून ताकद १०० वरून २०० अश्वशक्ती झाली तरी सुटतानाच्या आकड्यांत फारसा फरक पडला नाही. ड्रॅगवाले, म्हणजे सरळ पट्ट्यावर शर्यत लावणारे, मागचं चाक धरणारा दांडा (स्विंगआर्म) लांबवतात आणि गाडी खाली बसवतात, ते याचसाठी.

कारला ही अडचण नाही. ती लांब आहे, बुटकी आहे. तिला अडवायचे ते टायर. विजेच्या मोटरी आल्या आणि प्रत्येक चाकाला हजारांश सेकंदाच्या हिशोबात हवी तेवढीच ताकद देता यायला लागली, तसा तोही प्रश्न बराच सुटला. २०२१ ची टेस्ला मॉडेल एस प्लेड १०२० अश्वशक्तीची, पण दोन टनांहून जड. कंपनीने सांगितलेली पाव मैलाची वेळ ९.२३ सेकंद. त्याच वर्षीची हायाबुसा १९० अश्वशक्तीची, २६६ किलोंची. माणूस धरूनही किलोमागे ताकद हायाबुसाकडेच जास्त, पण पहिल्या शंभर मीटरमध्ये ती वापरायला पुढचं चाक देत नाही. किंमत मात्र तेव्हा भारतात १६ लाख ४० हजार होती आणि प्लेडची अमेरिकेत जवळपास १ लाख ३० हजार डॉलर.

याला छेद देणारी उदाहरणं आहेत आणि ती मला मनापासून आवडतात. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर लावलेली कावासाकी निन्जा एच२आर ३१० अश्वशक्तीची, फक्त ट्रॅकसाठी. ३० जून २०१६ ला बाइक शर्यतपटू केनान सोफुओग्लूने ती तुर्कस्तानातल्या नव्या उस्मान गाझी पुलावर नेली आणि २६ सेकंदांत ताशी ४०० किमी गाठले. २०१८ मध्ये इस्तंबूलच्या तेव्हा सुरू न झालेल्या विमानतळावर ४०० मीटरच्या शर्यतीत तीच जोडी फॉर्म्युला वन गाडीच्याही पुढे राहिली. पण क्रोएशियाची विजेवर चालणारी कार रिमॅक नेव्हेरा २०२३ मध्ये ताशी ४०० गाठून परत शून्यावर आली, तेही ३० सेकंदांच्या आत.

वळणांवर तर बाइक आधीपासून मागेच. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर दोन्ही जगं येऊन गेली आहेत. २०१३ मध्ये फॉर्म्युला वनची सर्वांत वेगवान फेरी १ मिनिट २४ सेकंदांची होती. २०२३ मध्ये मोटोजीपी, म्हणजे बाइकची जागतिक शर्यत आली, तेव्हा ट्रॅक थोडा आखूड केलेला असूनही बाइकला १ मिनिट ४४ सेकंदांच्या आसपास लागले. सरळ पट्ट्यावर दोन्ही जवळपास सारख्याच पळतात. फरक पडतो ब्रेक मारताना आणि वळताना. कारचे पंख हवेच्या जोरावर तिला जमिनीशी दाबून धरतात, चार रुंद टायर रस्ता पकडतात. बाइकचा रस्त्याला टेकलेला भाग चाकागणिक तळहाताएवढा. आणि ब्रेक जोरात दाबला तर आता मागचं चाक उचलतं.

एक रस्ता मात्र या नियमाला अपवाद आहे. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची ६० किमीची टीटी शर्यतीची फेरी, गावांमधून, दगडी भिंतींच्या कडेने, डोंगरावरून. २०१६ मध्ये मार्क हिगिन्सने खास बांधलेली सुबारू कार तिथे ताशी १२८.७३ मैलांच्या सरासरीने नेली, १७ मिनिटं ३५ सेकंदांत. २०२३ मध्ये पीटर हिकमनने बीएमडब्ल्यूच्या सुपरस्टॉक बाइकवर, म्हणजे शोरूममधल्या गाडीच्या बऱ्याच जवळच्या बाइकवर, १३६.३५८ मैलांची सरासरी काढली. वेळ १६ मिनिटं ३६ सेकंद. त्या अरुंद रस्त्यात बाइकला वळण सरळ करून घ्यायला जागा मिळते, कारची रुंदी ती जागा खाऊन टाकते. पण त्याच रस्त्याने आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धकांचे जीव घेतले आहेत. हिकमनच्या एका मिनिटाच्या आघाडीकडे पाहताना तो आकडा मला बाजूला ठेवता येत नाही.