पहिली दीड मिनिटं

‘छातीत दुखतंय’ एवढंच म्हणून पेशंट थांबला, तर डॉक्टरांपुढे डझनभर शक्यता उभ्या राहतात. ‘जिना चढताना छातीत दाटून येतं, जरा टेकलं की बरं वाटतं’ असं तो म्हणाला की संशय हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर जातो. ‘रात्री जेवून आडवी झाले की जळजळतं’ हे बहुधा आम्लाचं काम. ‘खोल श्वास घेतला की चमक मारते’ म्हटलं की फुप्फुसाचं आवरण किंवा बरगड्यांचे स्नायू आठवतात. हे धागे फक्त पेशंटकडे असतात. जिन्यावर दाटून येणाऱ्या पेशंटचा स्वस्थ पडून काढलेला ईसीजी अनेकदा अगदी नॉर्मल येतो!

१९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ८० नव्या पेशंटांचा एक अभ्यास आला होता. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि पेशंटचं ऐकून बांधलेलं निदान त्यातल्या ६६ जणांच्या बाबतीत शेवटपर्यंत टिकलं. तेव्हा सीटी स्कॅन, एमआरआय आजसारखे हाताशी नव्हते हे खरं. पण कुठली तपासणी सांगायची, हे आजही पेशंटच्या हकिकतीवरूनच ठरतं.

आणि नेमकी तीच हकिकत अर्धवट राहते. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. १९८४ साली त्यांनी दाखवून दिलं, की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलतात. पेशंटने पहिली तक्रार उच्चारली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते: किती दिवस? ताप आहे? गोळी घेतली? पण पहिली तक्रार हीच सर्वांत गंभीर असते असं नाही. बोलणं तोडलेला पेशंट मग दाराशी पोहोचल्यावर वळतो, ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं...’ छातीतलं दाटणं कित्येकदा तिथे बाहेर पडतं, तोवर पुढचा माणूस आत आलेला असतो.

बोलू दिलं तर पेशंट थांबणारच नाही, अशी भीती असते. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉक्टरांना मुद्दाम गप्प बसून ऐकायला सांगितलं आणि ३३५ पेशंटांची वेळ मोजली. सरासरी निघाली ९२ सेकंद. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले फक्त सात जण, आणि त्यांचंही सांगणं महत्त्वाचंच होतं, असं त्यांच्या डॉक्टरांचं मत पडलं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. २०१७ साली ६७ देशांची आकडेवारी एकत्र मांडली गेली, तेव्हा भारतात प्राथमिक उपचाराची अख्खी भेटच दोन मिनिटांच्या आसपास आटोपत असल्याचं दिसलं. बाहेर ओपीडीची रांग दरवाज्यापर्यंत आलेली असताना एकट्या डॉक्टरला दोष देणं मला पटत नाही. डॉक्टरांची संख्या वाढल्याशिवाय हे पुरतं सुटणार नाही.

तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे. आजीला घेऊन गेलेला मुलगा किंवा सून, काळजीपोटीच, तिच्याआधी बोलू लागते: ‘यांना ना, गॅसेस होतात.’ झालं, निदान घरीच ठरलं. देवळाची पायरी चढताना छातीत काय होतं, हे आजीलाच ठाऊक असतं. तिला आधी सांगू द्यावं. गोळ्यांची नावं, तारखा, जुने रिपोर्ट यांची भर आपण नंतर घालावी.