आयजीयू आणि आययूजीजी: तापीच्या खोऱ्यातून दिसणारा फरक

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत भूगोल शिकणाऱ्या मुलांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. आयजीयू (भूगोलाची जागतिक संस्था) आणि आययूजीजी (पृथ्वीचं मोजमाप आणि भूभौतिकी यांची जागतिक संस्था) ही दोन नावं त्यांच्या वह्यांत सर्रास एकमेकांच्या जागी पडलेली असतात. गफलत समजण्यासारखी आहे. दोन्ही संस्था ब्रुसेल्समध्येच स्थापन झाल्या, आययूजीजी १९१९ साली आणि आयजीयू १९२२ साली. दोन्हींचं सभासदत्व व्यक्तीला नव्हे, देशाला मिळतं. दोन्ही आज इंटरनॅशनल सायन्स कौन्सिल या विज्ञानांच्या जागतिक परिषदेत आहेत आणि दोन्हींचं मोठं अधिवेशन साधारण दर चार वर्षांनी भरतं. काम मात्र वेगळं आहे, आणि ते समजून घ्यायला आपलं तापीचं खोरं पुरेसं आहे.

आधी आययूजीजी, म्हणजे इंटरनॅशनल युनियन ऑफ जिओडेसी अँड जिओफिजिक्स. पृथ्वी हा एक ग्रह आहे, त्याचं मोजमाप करायचं, हा हिचा विषय. पृथ्वीचा आकार आणि गुरुत्व, चुंबकत्व, भूकंप, ज्वालामुखी, हवामान, समुद्र, बर्फ आणि जलविज्ञान यांच्या आठ संघटना मिळून ती बनली आहे.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर बांधाचा वाद आठवा. भूमिअभिलेखचा भूकरमापक हल्ली साखळीऐवजी रोव्हर घेऊन येतो. काठीवर बसवलेलं ते यंत्र उपग्रहांचे संदेश घेतं आणि बांधाच्या कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश देतं. पण अक्षांश-रेखांश कुठल्या पृथ्वीवरचे? खरी पृथ्वी खडबडीत आहे, तिच्यावर थेट हिशोब मांडता येत नाही. म्हणून गणितातला एक गुळगुळीत लंबगोल सगळ्या जगाने मान्य करावा लागतो. तसा एक लंबगोल आययूजीजीने १९७९ च्या कॅनबेरा अधिवेशनात स्वीकारला. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ नावाचा लंबगोल जवळजवळ हाच आहे. ध्रुवाकडच्या त्रिज्येत दोघांचा फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. एरंडोलच्या शिवारातला बांध आणि कॅनबेराचा ठराव यांचं नातं इतकं थेट आहे.

दुसरं उदाहरण भूकंपाचं. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहापेक्षा जास्त क्षमतेचा भूकंप झाला होता. नर्मदा आणि तापी यांच्या पट्ट्यातल्या जुन्या भेगा, त्यांत साठणारा ताण, हादऱ्यांच्या नोंदी हा सगळा अभ्यास आययूजीजीच्या घरचा. कोयनेच्या धरणाचं पाणी आणि तिथले भूकंप यांचा संबंध आयुष्यभर अभ्यासणारे डॉ. हर्ष गुप्ता २०११ ते २०१५ या काळात याच संस्थेचे अध्यक्ष होते.

आता आयजीयू, म्हणजे इंटरनॅशनल जिऑग्राफिकल युनियन. संस्था १९२२ ची असली तरी तिच्या परिषदांची परंपरा त्याहून अर्ध्या शतकाने जुनी आहे; पहिली आंतरराष्ट्रीय भूगोल परिषद १८७१ मध्ये अँटवर्पला भरली होती. जमीन, पाणी, हवा इथेही आहेत, पण प्रश्न माणसाच्या नात्याने विचारला जातो. या जागी माणसं अशीच का राहतात? हेच पीक का घेतात? गाव सोडून जातात तर कुठे, आणि का? भूगोलशिक्षण, स्त्रिया आणि भूगोल, पाण्याचा शाश्वत वापर, स्थलनामं अशा विषयांचे तिचे आयोग आहेत आणि खरं काम या आयोगांतच चालतं.

आयजीयूचा स्वभाव ओळखायला मला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. २०१८ पूर्वी निसर्गविज्ञानांची जागतिक परिषद वेगळी होती आणि समाजशास्त्रांची वेगळी. त्या वर्षी दोन्ही मिळून आजची सायन्स कौन्सिल झाली. आयजीयू त्याआधीपासूनच दोन्हीकडे सभासद होती. भूगोल विज्ञान शाखेत घालायचा की कला शाखेत, यावर आपल्याकडे अजून वाद चालतो. आयजीयूने दोन्ही घरं आपली मानली होती.

पांझरेकाठची फड पद्धत घ्या. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड आणि एका फडात सगळ्यांचं मिळून एकच पीक. या वर्षी कुठल्या फडात काय घ्यायचं ते शेतकरी बसून ठरवतात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. नदीत पाणी किती आलं हे जलविज्ञान सांगेल. पण पाणी कमी पडलेल्या वर्षी कुणाचा फड कोरडा राहिला आणि तो निर्णय सगळ्यांनी का मानला, हा प्रश्न भूगोलाचा आहे आणि तो आयजीयूच्या कुठल्याही परिषदेत मांडण्याच्या लायकीचा आहे.

दोघींच्या सीमा काही ठिकाणी एकमेकींत शिरतात. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बोअर खोल खोल जात आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळात पाणी कसं मुरतं, उपसा किती आणि पुनर्भरण किती, हे आययूजीजीच्या जलविज्ञान संघटनेचं क्षेत्र. आणखी खोल बोअर घ्यायला कुणाला परवडतं, कुणाला केळी सोडून कापसाकडे वळावं लागतं, हे आयजीयूचं. चांगल्या प्रबंधात दोन्ही लागतील. आपल्याकडे उपग्रहचित्रं आणि जीआयएसचे, म्हणजे संगणकावर माहिती जोडून काढलेले, नकाशे आता उत्तम होऊ लागले आहेत, त्याचा आनंदच आहे. मात्र नकाशात पाणीपातळीचा रंग बदलला की काम संपलं, असं समजून शेतकऱ्याच्या ओट्यावर न जाता परत येणारा विद्यार्थी भूगोलाचं अर्धं काम तसंच टाकून येतो.

धुळे-नंदुरबारच्या माळांवर भिंतींसारख्या उठलेल्या डाईकच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या खडकांच्या, रांगा दिसतात. त्या कशा तयार झाल्या हे मुख्यतः भूविज्ञानाकडे जातं आणि त्याची जागतिक संस्था तिसरीच, १९६१ ची आययूजीएस, म्हणजे इंटरनॅशनल युनियन ऑफ जिऑलॉजिकल सायन्सेस.

भारताचं आयजीयूशी जुनं नातं आहे. १९६८ ची परिषद नवी दिल्लीत भरली. पूर्ण परिषद आशियात भरण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा आयजीयूचे अध्यक्ष होते भूगोलतज्ज्ञ प्रा. शिबप्रसाद चटर्जी. कोलकात्याची नॅशनल ॲटलस ऑर्गनायझेशन १९५६ मध्ये त्यांनीच उभी केली आणि मेघालय हे नावही त्यांनीच सुचवलेलं.

शाळा आणि ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी आणखी एक सावधगिरी. आयजीयूशी जोडलेली इंटरनॅशनल जिऑग्राफी ऑलिंपियाड १९९६ मध्ये हेगला सुरू झाली. ती १६ ते १९ वयोगटासाठी असते, एका देशाच्या संघात चार मुलं असतात आणि लेखी परीक्षेसोबत प्रत्यक्ष क्षेत्रकार्याची परीक्षा होते: दिलेल्या जागी फिरायचं, पाहायचं, नकाशा काढायचा आणि तिथला प्रश्न सोडवायचा. इंटरनॅशनल अर्थ सायन्स ऑलिंपियाड ही वेगळी. तिच्यात खडक, वातावरण, समुद्र, खगोल येतात. २०१३ मध्ये ती मैसूरला झाली होती. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रम उघडून पाहावा. दगड-खनिजं ओळखण्यात मुलीला गोडी असेल तर दुसरी. बाजाराच्या दिवशी अमळनेरात कुठल्या गावची माणसं काय घेऊन येतात याचा नकाशा काढावासा वाटत असेल तर पहिली.