सँडपेपर म्हणतात, पण त्यात सँडच नाही

परवा फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. जुनं काळं-पांढरं चित्र, तळं, पडका वाडा, वर चंद्र, आणि खाली नेहमीचं, 'अमेरिकेतलं रहस्यमय चित्र, अंधारात आपोआप चमकतं, शास्त्रज्ञही हैराण'. आमच्या ग्रुपवर शास्त्रज्ञ रोजच हैराण असतात. अंधारात ते चित्र ढिम्म चमकत नाही. दिव्यासमोर मात्र खरंच लुकलुकतं, आणि ते कसं हे त्या फॉरवर्डपेक्षा भारी आहे.

साधारण १८४० ते १८६० च्या दशकांत अमेरिकेत मुलींच्या शाळांमधून हा प्रकार, म्हणजे सँडपेपर ड्रॉइंग, शिकवायचे. जाड पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, तो ओला असतानाच वरून संगमरवराची बारीक पूड चाळायची, वाळलं की कोळशाने चित्र. विषय ठरलेले, बरेचसे छापील चित्रांवरून उतरवलेले. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, त्याची माउंट व्हर्ननची समाधी, नाहीतर 'मॅजिक लेक' नावाचं चांदण्यातलं तळं. बहुतेकींनी सहीसुद्धा केलेली नाही.

नावात सँडपेपर आहे, पण आत वाळू नाही, संगमरवर आहे. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ हे खनिज, कडकपणा ७ (खनिजांच्या १ ते १० च्या मोहस मापावर). संगमरवर म्हणजे कॅल्साइट हे खनिज, कडकपणा फक्त ३. कोळसा त्याहूनही मऊ, त्यामुळे कॅल्साइटचे कण त्याला किसणीसारखे किसतात. कोळशात डिंक-बिंक काही नसतं, गुळगुळीत कागदावर तो फुंकरीनेही उडेल, इथे मात्र कणांच्या मधल्या खळग्यांत जाऊन बसतो. मग मऊ चामड्याने पुसलं की उंचवट्यांवरचा जातो, खळग्यातला राहतो. किती पुसलं त्यावर राखाडी किती गडद ते ठरतं. धुकं, ढग, पाण्यातली सावली, सगळं यातूनच. आणि चंद्र काढायचा नसतो, चाकूने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा.

आता लुकलुकणं. कॅल्साइट फुटतो तो वेडावाकडा नाही, ठरलेल्या सपाट पातळ्यांवरच फुटतो, म्हणून पुडीतल्या कणालाही छोटे छोटे आरसे असतात. अशा आरशावर समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ४ ते ६ टक्के परत येतो (दोन आकडे कारण कॅल्साइटला अपवर्तनांकच, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा, दोन, १.४९ आणि १.६६, प्रकाश कुठल्या दिशेने कंप पावतोय त्यावर, डोक्यावरून गेलं तर सोडून द्या). ४ टक्के म्हणजे काहीच नाही, पण तो येतो एकाच दिशेने, आणि शेजारी प्रकाश गिळून बसलेला कोळसा. म्हणून ठिणगीसारखा दिसतो. तुम्ही जरा डोकं हलवलंत की तो आरसा विझतो, दुसरा पेटतो. त्या काळी घरात मेणबत्ती नाहीतर तेलाचा दिवा, ज्योत स्वतःच हलणारी, म्हणजे डोकंही हलवायला नको. यात ऊर्जा, कंपनं, स्फटिकांची पॉवर वगैरे काही नाही, आणि तसे स्फटिक विकणाऱ्यांनी कृपया हा लेख जाहिरातीत चिकटवू नये.

मी घरी करून बघितलं. मार्बल कापणाऱ्याकडून मूठभर पूड, चहाची गाळणी (आता वेगळी ठेवलीये, आईने बघितली), खोक्याचा पुठ्ठा. तळं बरं जमलं, मोबाइलच्या टॉर्चमध्ये चक्क चमचमतंय. चंद्र खरवडताना चाकू जास्त दाबला गेला आणि थेट पुठ्ठाच निघाला, त्यामुळे माझ्या तळ्यावर ब्राउन चंद्र आहे.