घोड्याचा भाव काय सांगतो?

लासलगावच्या कांदा लिलावात उभं राहिलेल्याला शर्यतीच्या घोड्याचा भाव समजायला वेळ लागत नाही. व्यापारी ट्रॉलीतला मूठभर कांदा उचलतो, पत्ती बघतो, मान दाबतो, आणि बोली चढते किंवा तिथेच थांबते. पुकारलेल्या भावात दहा जणांची पारख मुरलेली असते. नाशिकला रेसकोर्स नाही, पण पुण्या-मुंबईच्या शर्यतींवर डोळा ठेवणारे इथेही भेटतात. त्यांच्या बोलण्यात दोन प्रश्न हमखास येतात : ट्रेनर कोण, आणि पैसा कुणावर आला? घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ठरवलं. त्या कौशल्यातलं किती खरोखर हाती लागतं, हे गणित फार स्वच्छ दाखवतं.

शंभराला दोनशे भाव म्हणजे शंभर लावून घोडा जिंकला तर आपले शंभर आणि वर दोनशे मिळतात; म्हणजेच जिंकायची शक्यता तिनात एक. समजा, सहा घोड्यांवर शंभराला 150, 300, 400, 600, 900 आणि 1900 असे भाव आहेत. त्यांच्या शक्यता होतात 40, 25, 20, साधारण 14, 10 आणि 5 टक्के. बेरीज 114! खऱ्या शक्यतांची बेरीज 100 च्या वर जाऊच शकत नाही. वरचे 14 हा बुकीचा वाटा.

आता ट्रेनर. घोडा कधी पळवायचा, किती अंतरावर, कुठला जॉकी बसवायचा, हे तोच ठरवतो. पहाटेच्या सरावात 600 मीटर 38 सेकंदांत, तेही घोड्याला न दामटता, अशी नोंद दिसली की जाणकाराचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. गोची होते ती ‘हा ट्रेनर सध्या फॉर्मात आहे’ या वाक्यात. 30 ट्रेनर घ्या, सगळे अगदी एकाच कुवतीचे, प्रत्येकाचा घोडा शंभरात 15 वेळा जिंकणारा. प्रत्येकाने 20 घोडे पळवले, तर निव्वळ योगायोगाने त्यातल्या पाचेक जणांच्या नावावर पाच किंवा जास्त विजय लागतात. म्हणजे 25 टक्क्यांचा ‘फॉर्म’, आणि त्यामागे काहीच नाही. वीस शर्यतींवरून ट्रेनर पारखणं म्हणूनच धोक्याचं. आणि ज्याचा लौकिक खरा आहे, त्याचं नाव रेसबुकात सगळ्यांनाच दिसतं; त्याच्या घोड्याचा भाव आधीच उतरलेला असतो.

पैसा कुणावर आला, यात मात्र ताजी माहिती असते. तबेल्याजवळच्या माणसांना घोड्याची तब्येत आधी कळते. ते पैसे लावतात, भाव 400 वरून 300 वर येतो. पण तुम्हाला ही हालचाल दिसते तेव्हा 400 चा भाव गेलेला असतो. टोटवर तर आणखी वेगळं. जोसेफ ओलेरने 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये ही पद्धत काढली. तीत सगळा पैसा एकत्र होतो, कपात वजा होते आणि उरलेला विजेत्यांत वाटला जातो. त्यामुळे डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारा परतावा, ठरतो शेवटी. आधी फलकावर काय दिसत होतं, त्याला अर्थ राहत नाही.

गर्दीचा हा भाव बऱ्यापैकी अचूक असतो, बिनचूक नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथने 1949 मध्ये दाखवलं की लोक दुबळ्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने प्रचंड पैसा कमावलेल्या बिल बेंटरचा 1994 चा शोधनिबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो. घोड्यांविषयीचे अनेक घटक मोजणारं प्रारूप त्याच्याकडे होतं, तरी त्याने लोकांचा भाव फेकून दिला नाही. स्वतःचा अंदाज आणि बाजाराचा भाव एकत्र केला, तेव्हाच उत्तर सुधारलं.

स्वतःची पारख तपासायची तर एक छदाम न लावताही जमतं. घोडा निवडला त्या वेळचा भाव वहीत लिहा, शेजारी शर्यत सुटतानाचा. जिंकलो-हरलो यात नशिबाचा गोंधळ फार. भावातला फरक त्यामानाने लवकर बोलतो. समजा, तुमची नजर इतकी तयार आहे की तुम्ही 400 ला घेतलेला घोडा दर वेळी 300 वर सुटतो. बुकीचा वाटा वजा केला तर त्याची खरी शक्यता निघते सुमारे 22 टक्के, आणि शंभर रुपयांमागे सरासरी 109 परत येतात. नऊ रुपये फायदा, तोही अशी दुर्मीळ नजर असेल तर. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे 40 टक्के.