मांजराला लंघन सोसत नाही

आजारपणात अन्नावरची वासना उडणे आपल्याकडे फारसे काळजीचे मानत नाहीत. ताप आहे, जेवण नको वाटते, मग दोन दिवस पेज घ्यावी, पोटाला विश्रांती मिळाली की भूक परत येते. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव माणसापुरता पुष्कळसा खराही आहे. घरातले मांजर आजारी पडले की तोच न्याय त्याला लावला जातो. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांमधून हे वाक्य कितीदा तरी कानावर येते: "राहू दे गं त्याला उपाशी, लंघनानं बरं होईल." सांगणाऱ्या आजींच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण मांजराचे शरीर या सल्ल्यासाठी घडलेले नाही. त्याच्या बाबतीत न खाणे हे आजाराचे लक्षण तर असतेच, शिवाय काही दिवसांतच तो एक वेगळा आजार होऊन बसतो, आणि पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा हाच जिवावर बेततो.

म्हणून कामाची गोष्ट आधी. मोठ्या मांजराने २४ तासांत काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. ४८ तास होत आले तर फोनवर न थांबता दवाखान्यात न्यायचे. पिल्लू असेल तर १२ तासही फार झाले. आणि बोका खात नाही, शिवाय लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतो पण थेंबही येत नाही, असे दिसले तर तासाचाही उशीर नको. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

मांजराचे असे का होते, हे समजायला त्याच्या पूर्वजांकडे जावे लागते. घरचे मांजर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आले. हा प्राणी उंदीर, पाखरे, सरडे असली छोटी शिकार दिवसरात्रीत अनेकदा करतो. एका उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे चार किलोच्या मांजराला नुसते बसून राहायलाही सहा-सात उंदीर हवेत. या आहारात पिष्ट पदार्थ जवळजवळ नसतात, असतात ती प्रथिने आणि चरबी. त्यामुळे मांजराचे यकृत प्रथिने जाळून त्यातून साखर बनवण्याच्या कामाला कायमचे जुंपलेले असते. अन्न कमी झाले की माणसाचे किंवा कुत्र्याचे शरीर प्रथिनांचा हा खर्च आवरते घेते. मांजराच्या यकृतातली विकरे (एन्झाइम) तशी फारशी मंदावत नाहीत, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवले. म्हणजे ताटलीतले अन्न थांबले तरी खर्च चालूच राहतो, आणि तो भागवायला स्नायू झिजू लागतात.

याच संशोधकांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर चक्रावून टाकणारा आहे. रात्रभर उपाशी असलेल्या मांजरांना त्यांनी आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वगळलेला आहार दिला. एकाच जेवणानंतर काही तासांत त्यांच्या रक्तातला अमोनिया इतका वाढला की विषबाधेची लक्षणे दिसू लागली. प्रथिने जाळताना तयार होणारा अमोनिया निकामी करायला आर्जिनिन लागते, आणि मांजर ते स्वतः पुरेसे बनवू शकत नाही. मांसातून ते रोज मिळणारच, हे त्याच्या शरीराने गृहीत धरलेले आहे.

आता चरबीचे पाहू. उपास पडला की शरीर साठवलेली चरबी सोडते आणि ती रक्तावाटे यकृताकडे येते. यकृताने त्यातली थोडी जाळायची आणि उरलेली प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पुन्हा बाहेर पाठवायची, अशी ही व्यवस्था. उपाशी मांजरात चरबीचा लोंढा येतच राहतो आणि वेष्टनाला लागणारी प्रथिनेच नसतात. बाजार समितीत धान्याच्या गाड्यांवर गाड्या येऊन पडाव्यात आणि भरायला पोती नसावीत, तसे होते. चरबीचे थेंब यकृताच्या पेशीपेशीत साचतात, पेशी फुगतात, पित्ताचा मार्ग दाबला जातो आणि कावीळ होते. दीर्घकाळ न खाणारी मांजरे आणि चरबीने भरलेले यकृत यांचा संबंध १९७७ मध्ये तीन मांजरांच्या नोंदीतून प्रथम मांडला गेला. आज मांजरांच्या यकृताच्या नेहमी आढळणाऱ्या गंभीर आजारांत यकृतात अशी चरबी साचण्याची गणना होते. यातला सगळ्यात वाईट भाग असा की यकृत बिघडले की मळमळ वाढते, मळमळीने खाणे आणखी सुटते, आणि न खाण्याने यकृत आणखी बिघडते.

गुबगुबीत मांजराला हा धोका सर्वांत जास्त. फ्लॅटमध्ये राहणारे, नसबंदीचे ऑपरेशन झालेले, सहा-सात किलोचे मांजर दोन दिवस जेवले नाही तर लोक म्हणतात, अंगावर भरपूर आहे, काही होत नाही. खरे तर ती अंगावरची चरबीच यकृतावर चालून जाते. अशा मांजराचे वजन उतरवायचे असले तरी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू उतरवावे. कावीळ ओळखायची तर मांजराला दिवसाच्या उजेडात खिडकीशी न्या आणि हिरड्या, टाळू, कानाच्या आतली कातडी आणि डोळ्याचा पांढरा भाग पाहा. पिवळी झाक दिसली तर बरेच दिवस गेले आहेत असे समजा. मान खाली लोंबते, डोके उचलवत नाही, असे दिसले तर रक्तातले पोटॅशियम घसरल्याची शक्यता असते.

मुळात खाणे सुटते का, याची यादी लांब आहे: मूत्रपिंडाचा विकार, स्वादुपिंडाची सूज, किडलेले दात, ताप, पोटातले जंत. नवरात्रातले रात्र रात्र चालणारे गरब्याचे लाऊडस्पीकर, दिवाळीचे फटाके किंवा घरात आलेले नवे जनावर एवढ्यानेही भित्रे मांजर पलंगाखाली दडून उपाशी राहते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० च्या वर जातो तेव्हा मांजरे थोडे कमी खातात, पण खाणे पूर्ण बंद होण्याचा दोष उन्हावर ढकलू नये.

नाकाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. माणसाच्या जिभेवर हजारो रुचिकलिका असतात, मांजराच्या जिभेवर काही शे. गोड चव तर त्याला कळतच नाही. गोड चव टिपणाऱ्या जिभेवरच्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) एक जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियातल्या मोनेल केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अन्न खाण्याजोगे आहे की नाही, हा निर्णय मांजर मुख्यतः वासावर घेते. सर्दीच्या विषाणूंनी नाक चोंदले की समोरचे अन्न त्याच्या लेखी अन्नच उरत नाही. त्यातला कॅलिसी विषाणू जिभेवर फोडही आणतो. अशा मांजराचे नाक कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलके पुसावे, आंघोळीच्या खोलीत गरम पाणी सोडून ती वाफेने भरावी आणि त्याला दहा मिनिटे तिथे जवळ घेऊन बसावे. एवढ्यानेही काही मांजरे जेवू लागतात.

बडोदेकरांनी जानेवारीत आणखी एक शंका मनात ठेवावी. १४ तारखेची उत्तरायण आणि १५ ची वासी उत्तरायण आटोपली तरी दोरीचे गुंते गच्च्यांवर, झाडांवर, अंगणात कितीतरी दिवस पडून असतात. मांजर त्यांच्याशी खेळते. त्याच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असल्याने तोंडात गेलेला धागा थुंकून टाकणे त्याला जमत नाही, तो आत आतच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते, आतडे उरलेला धागा पुढे ढकलू पाहते आणि त्या ताणलेल्या धाग्यावर चुण्या पडल्यासारखे गोळा होते. मग धागा आतड्याला करवतीसारखा कापतो. शिवणाच्या धाग्यानेही हेच होते, काच लावलेल्या मांजाची तर गोष्टच नको. उलट्या होताहेत, खाणे बंद आहे आणि घरात किंवा गच्चीवर दोरी होती, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, म्हणजे ते जीभ उचलून खाली पाहतील. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तरी ओढू नका. ओढल्याने आतडे फाटते.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे. बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत सामिष शिजत नाही आणि मांजर दूध-पोळी, दूध-भातावर वाढते. ते जगते ते बाहेरच्या उंदीर-पालींवर, हे आपल्या लक्षात येत नाही. टॉरिन हा घटक मांसातच भरपूर असतो. तो कमी पडल्याने मांजराचे हृदय पसरून दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. आजारी मांजर घरातच बसून असते, उंदीर मारत नाही, आणि आपण त्याला पेज नाहीतर दूध देतो. पेजेत त्याच्या उपयोगाचे फार थोडे असते, आणि मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नसल्याने जुलाब होतात. माझे स्पष्ट मत आहे की मांजर पाळायचे ठरवले की त्याच्यापुरता मांसाहार स्वीकारावा. घरात शिजवायचे नसेल तर मांजरांसाठीचे तयार पाऊच आणावेत. उकडलेले चिकन दिले तर त्यात कांदा-लसूण अजिबात नको. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या भाजीतला रस्साही चालत नाही. नुसते चिकन दोन-चार दिवसांच्या आजारपणापुरतेच, तो पूर्ण आहार नव्हे.

द्यायचे किती? स्वस्थ पडलेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे उकडलेले, चरबी नसलेले चिकन सुमारे १२० ग्रॅम. पण तीन-चार दिवस उपाशी असलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी एवढे देऊ नये. अचानक अन्न मिळाल्यावर रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. पहिल्या दिवशी पाव ते एक तृतीयांश, आणि तीन-चार दिवसांत वाढवत पूर्ण, असे डॉक्टर ठरवून देतात. अन्न अंगाइतके, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास कोमट असावे, त्याने वास उठतो. पसरट बशीत चमचाभरच वाढावे, दिवसातून सहा-सात वेळा, लघवीच्या ट्रेपासून दूर, शांत कोपऱ्यात. अर्ध्या तासात खाल्ले नाही तर बशी उचलावी. किती खाल्ले ते लिहून ठेवावे आणि रोज वजन करावे: काट्यावर मांजराला घेऊन उभे राहायचे, मग एकटे, आणि फरक काढायचा.

बशी उचलण्याला कारण आहे. १९५५ साली जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवले की उंदीर एखाद्या चवीनंतर आजारी पडले की ती चव पुढे टाळतात, मग आजाराचे कारण दुसरेच का असेना. मांजरातही असेच घडते. मळमळत असताना त्याचे सर्वांत आवडते अन्न वारंवार नाकापुढे धरले तर ते अन्न आणि मळमळ यांची त्याच्या मेंदूत गाठ बसते, आणि बरे झाल्यावरही ते त्या अन्नाकडे पाहत नाही. ओठ चाटणे, लाळ गळणे, रिकामे घोट गिळणे, बशीपाशी येऊन तोंड फिरवणे किंवा जमीन उकरून अन्न पुरण्याचा आविर्भाव करणे, ही मळमळीची चिन्हे. ती दिसली तर आधी मळमळीवर औषध हवे, अन्न त्यानंतर. मांजराला धरून, जबडा उघडून सिरिंजने अन्न ढकलण्याने हीच गाठ पक्की होते, शिवाय अन्न फुप्फुसात जाण्याची भीती असते.

घरातली औषधे मात्र कुलपात ठेवा. कणकण दिसते म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणे म्हणजे विष देणे. हे औषध निकामी करणारा जनुक मांजरात बिघडलेला आहे, त्यामुळे माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. चुकून पोटात गेलीच तर लगेच दवाखाना गाठा, उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. मुलांचे भूक वाढवणारे सिरपही आपल्या मनाने देऊ नका. आतडे अडलेले असताना भूक वाढवली तर नुकसानच होते. लिव्हर टॉनिकने कॅलरी मिळत नाहीत.

डॉक्टर रक्ततपासणी, सोनोग्राफी करतील, सलाईन आणि उलटीचे औषध देतील. भूक वाढवायला मिर्टाझापीनसारखे औषध असते, त्याचा मांजराच्या कानाला लावायचा मलम अमेरिकेत २०१८ पासून मिळतो. एवढ्यानेही भागले नाही तर ते मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवण्याचे सुचवतील. बडोद्यात सोय झाली नाही तर आणंदचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. नळीचे नाव ऐकून घरचे लोक घाबरतात, 'त्याला आणखी छळायला नको' म्हणतात. मला मात्र यकृतात चरबी साठलेल्या मांजरासाठी याहून दयाळू उपाय दिसत नाही. ती छोट्या भुलीत बसते, मांजर तिच्यासह हिंडते-झोपते, तोंडाने खाऊही शकते, आणि औषधे तिच्यातूनच जात असल्याने रोजची झटापट टळते. पातळ केलेले कोमट अन्न दिवसातून चार-पाचदा सावकाश सोडायचे, आधी आणि नंतर थोडे पाणी सोडून नळी धुवायची आणि मानेची जखम रोज पाहायची. वेळेत सुरुवात झाली तर या आजारातून बहुतेक मांजरे उठतात, पण त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. मांजराने एक दिवस आपणहून बशी चाटली म्हणून नळी काढायची घाई करू नका. नळीतून काहीही न देता ते काही दिवस पुरेसे खात राहिले आणि वजन उतरले नाही, की मग डॉक्टर ती काढतात.