४७ मिलिमीटरचा हिशेब

नवी लेन्स हातात आली की कॅमेऱ्यावर चढवण्याआधी मी ती हात लांब करून खिडकीसमोर धरते. ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं लहान-मोठं करता येणारं छिद्र, पूर्ण उघडं असेल तर आरपार उजेडाचा एक गोल दिसतो. मग लेन्स हळूहळू तिरकी करायची. गोल दोन बाजूंनी कापला जाऊ लागतो आणि बघता बघता त्याचा बदाम होतो. काही लेन्समध्ये हा बदाम बराच उशिरा दिसतो, काहींत जरा तिरकं केलं की लगेच. आटोपशीर लेन्सचं बरंचसं गुपित या बदामात आहे, पण तिथे पोचायला थोडी वाट चालावी लागेल.

मी बोलतेय ती शॉर्ट टेलिफोटो प्राइम लेन्सबद्दल. प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची. फोकल लेंथ मि.मी.मध्ये सांगतात; आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ ओढलं जातं. ३६ × २४ मि.मी.च्या फुल-फ्रेम सेन्सरवर साधारण ७५ ते १०५ मि.मी.च्या लेन्स या गटात मोडतात आणि त्यातली ८५ मि.मी. सर्वांच्या ओळखीची. ‘हिच्यात चेहरा छान येतो’ असं तिच्याबद्दल म्हणतात. चेहरा छान येतो तो खरं तर अंतरामुळे. नाकाचं टोक कानांपेक्षा १० सें.मी. पुढे आहे असं धरा. कॅमेरा नाकापासून ५० सें.मी.वर असेल तर कानांच्या मानाने नाक २० टक्के मोठं उमटतं. २ मीटरवरून हाच फरक ५ टक्क्यांवर येतो. इतक्या लांब उभं राहूनही डोकं आणि खांदे यांनी चौकट भरावी, एवढंच काम लेन्सचं.

चेहऱ्यांसाठी वेगळी लेन्स ही कल्पना छायाचित्रणाच्या अगदी बालपणातली. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने रीतसर आकडेमोड करून एक लेन्स रचली. तिचं ॲपर्चर एफ/३.६ च्या आसपास होतं (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). त्या वेळच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी पट जास्त उजेड आत घ्यायची, म्हणून माणसाला मिनिटामागून मिनिटं पुतळ्यासारखं बसवून ठेवायची गरज उरली नाही. कडा मात्र तिच्यात मऊ यायच्या, कारण तिचं फोकसचं प्रतल सपाट नव्हतं, वाटीसारखं वळलेलं होतं. पण चेहरा असतो मध्यभागी. कडांच्या मऊपणाने व्यक्तिचित्राचं फारसं बिघडत नाही. कुठल्याही लेन्सचा दोष सापडला की मी आधी हेच विचारते, की तो चित्रात नेमका पडतो कुठे.

‘मिररलेसमध्ये आरसा गेला म्हणून लेन्स लहान झाल्या’ हे वाक्य सर्रास कानावर येतं. वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. ८५ मि.मी.च्या बाबतीत जवळजवळ नाही. पूर्वीच्या कॅमेऱ्यात दृश्य व्ह्यूफाइंडरकडे वळवणारा आरसा असे; मिररलेसमध्ये तो नसतो. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून लेन्सची बैठक, म्हणजे माउंट, सेन्सरपासून दूर ठेवावी लागे. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मि.मी. होतं, झेड माउंटमध्ये ते १६ मि.मी.वर आलं. २० मि.मी.च्या लेन्सला पूर्वी आरशाला वळसा घालण्यासाठी जास्तीची भिंगं लागायची, तिची सुटका झाली. ८५ मि.मी.ला ती अडचण मुळातच नव्हती. निकॉनची आरशाच्या काळातली ८५ मि.मी. एफ/१.८ जी लेन्स ७३ मि.मी. लांब आहे. झेड माउंटची तिची बहीण ९९ मि.मी. दोघींत आपापल्या माउंटचं अंतर मिळवलं की ११९.५ आणि ११५ येतात. पूर्वी कॅमेऱ्याच्या पोटात असलेली पोकळी आता लेन्सच्या पोटात आली, इतकंच.

मग आटोपशीर लेन्स आटोपशीर होते कशी? एफ/१.८ हा खरं तर भागाकार आहे. ८५ ला १.८ ने भागलं की ४७ येतात. समोरून पाहिल्यावर लेन्सचं छिद्र ४७ मि.मी. रुंद दिसायला हवं आणि पुढची काच त्याहून लहान असून चालत नाही. कितीही हुशार अभियंता असला तरी इथे त्याला सूट नाही. म्हणून पहिला आणि सरळ उपाय म्हणजे छिद्रच लहान करणं. सिग्माची मिररलेससाठीची ९० मि.मी. एफ/२.८ लेन्स जेमतेम ६ सें.मी. लांब आणि २९५ ग्रॅम वजनाची आहे. तिचं छिद्र ३२ मि.मी.चं.

हे ४७ आणि ३२ फोटोत चक्क मोजता येतात, आणि मला ही गोष्ट आजही तितकीच देखणी वाटते. फोकस चेहऱ्यावर आहे आणि मागे खूप दूर एक दिवा आहे, असं समजा. दिवा पसरून त्याची चकती होते. ती चकती केवढी? बरोबर छिद्राएवढी, जणू कुणी चेहऱ्याला लागून ४७ मि.मी.चा कागदी गोल धरलाय. दूरच्या दिव्याचे किरण समांतर येतात. त्यांची जी जुडी लेन्समध्ये शिरते ती छिद्राएवढीच जाड असते, आणि चेहऱ्याजवळून जातानाही तिची जाडी तेवढीच असते. चेहरा जवळ असो की लांब, उत्तर बदलत नाही. तेव्हा एफ/२.८ ची छोटी लेन्स घेताना आपण काय सोडतोय याचा हिशेब चोख मांडता येतो: चकतीचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं. फोकसच्या पट्ट्यात मात्र तितका फरक पडत नाही. २ मीटरवर ८५ मि.मी. एफ/१.८ मध्ये सुमारे ६ सें.मी. खोलीचा भाग रेखीव येतो, ९० मि.मी. एफ/२.८ मध्ये सुमारे ८ सें.मी. १ मीटरवर ८५ ची खोली दीड सें.मी.सुद्धा उरत नाही. पापण्या रेखीव आणि नाक धूसर, अशी गत होते.

दुसरा उपाय म्हणजे काही दोष काचेने सुधारायचे नाहीत, सॉफ्टवेअरवर सोडायचे. कोपऱ्यांतला अंधार आणि वाकलेल्या रेषा कॅमेरा स्वतःच दुरुस्त करतो, आणि भिंगं कमी लागतात. यात मला काही गैर वाटत नाही. पण दुरुस्ती फुकट होत नाही. कोपरा दोन स्टॉप अंधारा असेल (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) तर तो चौपट उजळावा लागतो आणि त्याबरोबर तिथला नॉइजही, म्हणजे दाणेदारपणाही, उघडा पडतो. म्हणून मी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, दुरुस्ती बंद करूनही एकदा पाहते.

सॉफ्टवेअरला नीट न पुसता येणारा एक दोष आहे. वेगवेगळे रंग किंचित वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतात. तो तपासण्यासाठी एक साधी मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवावी, ॲपर्चर पूर्ण उघडावं आणि मधल्या आकड्यावर फोकस करावा. फोकसच्या अलीकडच्या काळ्या रेघांना जांभळट कड येते, पलीकडच्यांना हिरवट. पट्टीवर ती निरुपद्रवी दिसते. पण तीच कड पांढऱ्या केसांना, चष्म्याच्या दांडीला, धातूच्या बटणाला लागली की नजर तिथेच अडकते. लहान लेन्समध्ये हा दोष आटोक्यात असेल तर काच चांगली वापरली आहे, असं मी समजते.

मधल्या भागाच्या शार्पनेसबद्दल फार लिहीत नाही. आजच्या बहुतेक ८५ मि.मी. लेन्स त्यात उत्तीर्ण होतात. चारही कोपरे सारखे येतात का, हे मात्र दूरची एकच वस्तू आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून जरूर बघावं. एक कोपरा वेगळाच धूसर आला तर एखादं भिंग जागेवरून सरकलेलं असू शकतं.

आता तो बदाम. लेन्सची नळी सडपातळ ठेवायची तर पुढच्या आणि मागच्या भिंगांचा व्यास काटकसरीने ठरवतात. समोरून सरळ येणाऱ्या किरणांना पूर्ण ४७ मि.मी. मिळतात. तिरक्या किरणांची जुडी मात्र पुढच्या भिंगाच्या कडेने एका बाजूला आणि मागच्या भिंगाच्या कडेने दुसऱ्या बाजूला कापली जाते. रात्री दूरच्या दिव्यांसमोर फोटो काढला की चौकटीच्या मधोमध गोल चकत्या आणि कोपऱ्यांकडे बदाम दिसतात. मग ॲपर्चर एकेक पायरी बंद करत जावं आणि कोपऱ्यातले बदाम कुठे पुन्हा गोल होतात ते पाहावं. एफ/२.८ वर झाले, तर त्या पायरीपासून पुढे किरणांना भिंगाची कड अडवत नाही, ॲपर्चरच अडवतं. त्याआधीचं जास्तीचं छिद्र मधल्या चेहऱ्याला पूर्ण मिळतं, कोपऱ्यातल्या दिव्याला अर्धवटच.